ना हरकत कोणाची आणू? विद्यापीठ अनुदान आयोगाला एका तासिका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली
तसेच राज्यातल्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मी ४ लाख ६० हजार रुपयांच्या खड्ड्यात पडता पडता राहिले. पहिला हप्ता ३५ हजारांचा होता आणि मोबाइलवर पिन टाकायचा तेवढा उरला होता. विकत काय घेत होते, तर परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाची ऑनलाइन डॉक्टरेट. अठरा महिन्यांत, घरबसल्या.

हे पत्र त्या कंपनीबद्दल नाही. तिचा धंदाच तो आहे. पत्र तुम्हाला लिहितेय, कारण सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झालेली, अकरा वर्षं पोरांना ‘माहिती तपासून घ्या’ म्हणून सांगणारी बाई त्या पिनपर्यंत कशी पोचली, याचं अर्धं उत्तर तुमच्या नियमांत आहे. उरलेलं अर्धं माझ्या उतावीळपणात आहे, ते मी माझ्याजवळ ठेवते.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते, विट्याच्या अलीकडं. बारावीनंतर लग्न झालं. बी.ए. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलं, स्वयंपाकघरात पुस्तकं ठेवून. यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे आमच्या शेजारच्याच कडेगाव तालुक्यात, त्यामुळं त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घरात आली याचं सासऱ्यांना फार कौतुक होतं. एम.ए. मात्र वर्गात बसून केलं. २०१४ला सेट झाले. तेव्हापासून अधूनमधून आणि गेली अकरा वर्षं सलग एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे काय हे दिल्लीत कदाचित माहीत नसेल. जुलैत मुलाखत, ऑगस्टमध्ये नेमणूक, एप्रिलात संपली. पुढच्या जुलैत पुन्हा तीच मुलाखत, त्याच खोलीत, बहुतेक त्याच लोकांपुढं. पगार नाही, मानधन. तेही तासांवर मोजून.

आता माझ्या विषयाबद्दल. हा भाग लांबेल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ पट्ट्यातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. गलाई म्हणतात त्याला. केरळात जा, तमिळनाडूत जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात कुठंतरी भट्टी पेटलेली असते आणि आतला माणूस आमच्याकडचं मराठी बोलतो. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं. कुणाचे आजोबा गेले, कुणाचे वडील. पुढं धंद्यात जम बसला. आज आमच्या गावात त्यांचे दोन-दोन, तीन-तीन मजल्यांचे बंगले आहेत आणि आत एक म्हातारं जोडपं आणि एक कुत्रं. यात्रेला गाड्या येतात, प्रत्येक गाडीच्या नंबरपाटीवर वेगळं राज्य. आठ दिवस गाव फुगतं. मग पुन्हा कुलपं.

पण दरम्यान टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं. जिथं हुलगा आणि बाजरी होती तिथं ऊस दिसायला लागला, द्राक्षं आली. ज्या दुष्काळानं माणसं घालवली तो दुष्काळ बराचसा हटला. मग माणसं परत का आली नाहीत? हा माझा प्रश्न आहे. चार वर्षांपासून मी तो घेऊन बसलेय. आजवर ४३ कुटुंबांशी बोलून झालंय, वह्या सहा भरल्यात.

त्यातल्या एका रात्रीचं सांगते. कोईमतूरला आमच्या गावचे एक तात्या आहेत, सत्तरीतले. त्यांचं दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, म्हणून मी दहाला व्हिडिओ कॉल लावायचे. त्या रात्री त्यांनी फोन उचलून मला मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, दाखवली, तडा गेलेली. तेजाबाच्या वाफेनं काळी पडलेली भिंत दाखवली. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, कसा काढतात ते समजावून सांगत होते. तेवढ्यात मागच्या खोलीतून लहान मुलीचा आवाज आला, काहीतरी पाठ करत होती. मी विचारलं, कोण? ‘नात हाय, तिसरीत. तमिळमधली कविता म्हणतीया.’ मग थोडं थांबून तात्या म्हणाले, ‘पाणी आलं म्हंतीस. बराबर. पर हिला घिऊन गावाकडं आलो तर ही कुठल्या वर्गात बसनार?’

तीन महिने मी पाणी, एकर, टन, भाव यांचेच प्रश्न विचारत होते. उत्तर मागच्या खोलीत कविता पाठ करत बसलं होतं.

एवढं सविस्तर यासाठी सांगितलं की माझ्या संशोधनाचं साहित्य कुठं आहे हे तुम्हाला दिसावं. ते माझ्या गल्लीत आहे आणि रात्री दहानंतर फोनवर आहे. इतरांचे प्रबंध वाचायचे तर शोधगंगावर हजारो ठेवलेत, घरबसल्या उघडतात. ती सोय तुमच्याच पुढाकारानं झालीय, तिचे उपकार मानते. या सगळ्यात विद्यापीठाच्या विभागातल्या खुर्चीचा भाग किती, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. माझ्याही आला. ‘ऑनलाइन पीएचडी करावी का’ हे मी स्वतःला वर्षभर विचारत होते.

खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझं एकच उत्तर नव्हतं. दोन होती, आणि ती दिवसाआड बदलायची.

मी एका मॅडमकडं वीस पानं घेऊन गेले होते. त्या माझ्या होऊ घातलेल्या मार्गदर्शक. त्यांनी पहिल्याच पानावर ‘स्थलांतर’ या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल काढला आणि विचारलं, ‘हे स्थलांतर आहे की लांबलेली ये-जा?’ मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली नाही, रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. चहा आला, निवला. ते बघणं मला टाळता आलं नाही. व्हिडिओवर असते तर ‘हो मॅडम, बघते’ म्हणून फोन ठेवला असता. त्या एका गोलापायी मी सहा आठवडे वह्या पुन्हा चाळल्या आणि अर्धी मांडणी बदलली. डॉक्टरेट म्हणजे हे, अशी माझी समजूत आहे. कुणीतरी जाणता माणूस तुमच्या पानावर बोट ठेवतो आणि तुम्हाला उठून जाता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच कबूल करते: शंभर टक्के पडद्यावरची पीएचडी मलाही नको आहे.

मग त्या कंपनीचा फोन का घेतला? सांगते.

पुण्याच्या नंबरवरून आला. ‘मॅडम, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय.’ मी प्रोफाइल कुठं दिलं होतं आठवेना. रात्री एकदा ‘पार्ट टाइम पीएचडी ऑनलाइन’ असं शोधलं होतं, तेवढंच. पोरगा गोड बोलणारा. माहितीपत्रक पाठवलं, त्यावर काळ्या झग्यातली हसरी माणसं आणि मागं किल्ल्यासारखी इमारत. माझा विषय ऐकून म्हणाला, ‘वॉव मॅडम, युनिक टॉपिक!’ अकरा वर्षांत माझ्या विषयाला कुणी युनिक म्हटलं नव्हतं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, यूजीसीची, म्हणजे तुमच्या आयोगाची, मान्यता आहे का? ‘ग्लोबली रेकग्नाइज्ड आहे मॅडम.’ पुन्हा विचारलं. ‘मॅडम, यूजीसी फक्त इंडियापुरती असते.’ हे वाक्य इतकं सफाईनं आलं की मी क्षणभर गप्पच झाले. मग त्यानं शेवटची मात्रा दिली, ‘थिसिसचं टेन्शन अजिबात घेऊ नका. आमची रायटिंग टीम आहे. तुम्ही फक्त डेटा द्यायचा.’

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. त्या वर न बघता म्हणाल्या, ‘त्येंनीच लिवायचं, तर तू कशाला पायजेस?’

मी पिन टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी बसून तुमची कागदपत्रं वाचली. २८ ऑक्टोबर २०२२ला तुम्ही आणि तंत्रशिक्षण परिषदेनं मिळून सूचना काढली होती, की परदेशी विद्यापीठांच्या नावानं एडटेक कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. त्यानंतर दहाच दिवसांत, ७ नोव्हेंबर २०२२ला पीएचडीची नवी नियमावली आली. तिच्यातही स्पष्ट आहे, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी देता येणार नाही. म्हणजे मी जी विकत घ्यायला निघाले होते ती पदवी दारावर पाटी लावण्यापलीकडं कशाच्या उपयोगाची नव्हती. जानेवारी २०२५मध्ये तुम्ही राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश देण्यावर बंदी घातलीत, तेही वाचलं. पदव्यांची दुकानं बंद केलीत, चांगलं केलंत. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी आहे की मागचं दार बंद करताना पुढचं उघडं आहे का, हे बघायला कुणी आलं नाही. मी पुढच्या दाराशी दोन वर्षं उभी आहे. त्याची हकिकत आता मुद्द्यांनी देते.

पहिला मुद्दा ना हरकत प्रमाणपत्राचा. नव्या नियमावलीत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, ही मोठी गोष्ट. पण अर्धवेळ करणाऱ्यानं जिथं नोकरी करतो तिथून तीन गोष्टी लिहून आणायच्या: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या वर्गांसाठी, कार्यमुक्त केलं जाईल. मी प्रवेश परीक्षा पास झाले, मुलाखत झाली, विषय आवडला असं तिथं तोंडावर सांगितलं, मॅडमकडं जागा होती. सगळं होऊन गाडी या एका कागदावर अडली. महाविद्यालयाच्या कार्यालयात गेले. कार्यालयातले भाऊसाहेब भले माणूस, मुद्दाम अडवणारे नव्हेत. अर्ज दोनदा वाचून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारीच नाही. मग आम्ही ना हरकत कसली द्यायची?’ विद्यापीठात येऊन सांगितलं, की मी कर्मचारी नाही म्हणतात. तिथं उत्तर मिळालं, ‘मग तसं लिहून आणा.’ पुन्हा कार्यालय. ‘तुम्ही शिकवता तर इथंच, कर्मचारी नाही असं कसं लिहून देऊ?’

शिकवते, पण कर्मचारी नाही. नाही म्हणावं तर शिकवते. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत माझी दोन वर्षं गेली. आणि तिसऱ्या अटीचं तर काय सांगावं. मला कार्यमुक्त करायची गरजच नाही, दरवर्षी एप्रिलात मी आपोआप कार्यमुक्त होते.

हे फक्त तासिकावाल्यांचं नाही. माझ्याबरोबर प्रवेश परीक्षेला एकजण होता, बेदाण्याचं शेड चालवणारा, अर्थशास्त्रात एम.ए. त्यानं ना हरकत कोणाची आणायची, द्राक्षाच्या बागेची? एक बाई गृहिणी होत्या. त्यांचे मालक तिथंच म्हणाले, ‘मी देतो की सही.’ सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना एस.टी.त मात्र हसू आलं नाही.

दुसरा मुद्दा कोर्सवर्कचा. किमान १२ क्रेडिट हवेत, ठीक आहे. संशोधन पद्धती, प्रकाशनाची नीतिमत्ता हे शिकायलाच हवं; न शिकता पीएचडी झालेले काहीजण माझ्या माहितीत आहेत आणि त्यांचं वाचायला लागतं तेव्हा वाईट वाटतं. पण हे वर्ग भरतात सोमवार ते शुक्रवार, भर दुपारी. घरातून पावणेसहाला निघायचं, फाट्यावर गाडी पकडायची, एकदा बदलायची, पोचेस्तोवर साडेदहा. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर कुणाच्या तरी घरी मुक्काम. आठवड्यातून पाच दिवस हे केलं तर माझे तास दुसऱ्याला जातात. आणि तास गेले की पुढच्या जुलैत ‘गेल्या वर्षी तुम्ही नव्हता’ म्हणून नाव मागं पडतं. मला एकदा एका सहीसाठी बोलावलं होतं. गेले, तर सर बैठकीला गेलेले. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, ‘उद्या या.’ त्याच्या दृष्टीनं उद्या म्हणजे उद्याच होता. माझ्या दृष्टीनं उद्या म्हणजे एक दिवसाचं मानधन, दोन्ही बाजूंचं भाडं आणि सातवीतल्या मुलीचा डबा.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही आणि मॅडमना तर त्रास होऊच नये. शिवाय दुसऱ्या दोन ठिकाणीही विचारून पाहिलं, वेळापत्रक थोड्याफार फरकानं तेच.

गंमत अशी की याच देशात स्वयंम या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन अभ्यासक्रम करून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा तुम्हीच २०२१मध्ये दिलीत. सप्टेंबर २०२२मध्ये तुम्हीच सांगितलंत की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. २०२०च्या टाळेबंदीत पीएचडीची तोंडी परीक्षा व्हिडिओवर घ्यायलाही तुम्ही होकार दिला होता. म्हणजे प्रबंध तपासून झाल्यावरची शेवटची, सगळ्यांत मोठी परीक्षा पडद्यावर चालली. मग संशोधन पद्धतीचा तास का चालू नये? दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढं हजर राहून प्रगती सांगायची असा नियम आहे. हजर म्हणजे देहानं की पडद्यावर, याचा अर्थ प्रत्येक विभाग आपल्या सोयीनं लावतो. कुठं चालतं, कुठं चालत नाही. आणि कुणी लेखी देत नाही.

तिसरा मुद्दा थोडक्यात. जुलै २०२३मध्ये तुम्ही जाहीर केलंत की सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडीची सक्ती नाही, नेट (देशपातळीवरची तशीच परीक्षा) किंवा सेट पुरे. आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिलो होतो. पण तुमच्याच २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या निवडीसाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं याचा तक्ता आहे. त्यात पीएचडीला २५ गुण, सेटला ५, आणि शिकवण्याच्या अनुभवाला जास्तीत जास्त १०. सक्ती नाही, फक्त नसेल तर यादीत नाव येणार नाही. माझी अकरा वर्षं आणि सेट मिळून १५ होतात. कालपरवा पीएचडी झालेला, एक तासही न शिकवलेला उमेदवार २५वर असतो. त्याला मी दोष देत नाही, त्यानंही घासलीच असेल. पण ‘सक्ती नाही’ हे वाक्य पुन्हा कुठल्या पत्रकात लिहाल तेव्हा त्याखाली हा तक्ताही छापा.

चौथा, वेळेचा. इथं मात्र तुमचं कौतुक करायचं आहे. सहा वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, आणि बायकांना त्याहून दोन जास्त, म्हणजे दहा वर्षांपर्यंत. शिवाय बाळंतपणासाठी किंवा मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्या घरात बाईमाणसाचा आवाज पोचत असणार. पण ही घड्याळं प्रवेशानंतर सुरू होतात. माझं थांबलंय ते प्रवेशाआधी, आणि तिथं एक वेगळंच घड्याळ चालू आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, असा नियम आहे. मॅडमची ती रेषा पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये येते. त्यांच्यानंतर आमच्या टप्प्यात या विषयाचं दुसरं कोण? सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी अशी मर्यादा. कुणाकडं जागा रिकामी आहे हे फोन करकरून विचारावं लागतं. कुणी उचलतं, कुणी नाही.

आणि पाचवा, तुमच्या सूचनांबद्दल. त्या इंग्रजीत नाहीतर हिंदीत असतात आणि तुमच्या संकेतस्थळावर असतात. त्या कंपनीचं माहितीपत्रक मात्र मराठीत होतं, माझ्या फोनवर होतं आणि मी पिन टाकला नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत पुन्हा फोन आला होता. विट्याच्या एस.टी. स्टँडसमोर बारावी-नापासांसाठी जाहिरातींचे फलक आहेत तसे उद्या पीएचडीचेही लागतील. ‘सावध राहा’ एवढं सांगून तुमची जबाबदारी संपते, असं मला वाटत नाही. विकणारा उघड विकतोय. त्याला कोण विचारतं?

आता मागण्या. फुकट काही मागत नाही. शिष्यवृत्ती नको, फीमाफी नको, वयाची सवलत नको.

ज्याला कायमचा मालक नाही, म्हणजे तासिका शिक्षक, शेतकरी, स्वतःचा धंदा करणारे, गृहिणी, त्यांच्यासाठी ना हरकतीच्या जागी स्वयंघोषणापत्र घ्या. हे एका ओळीच्या परिपत्रकानं होण्यासारखं आहे. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा. आणि तासिका शिक्षकांबद्दल स्वतंत्र लिहा, की महाविद्यालयानं ‘या इथं या वर्षी शिकवतात’ एवढं प्रमाणपत्र दिलं तरी पुरे.

अर्धवेळ विद्यार्थ्यांचं कोर्सवर्क शनिवार-रविवारी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत लावा. प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या महाविद्यालयात त्याचं केंद्र करा. सांगली आणि सातारा दोन्हीकडं शंभर शंभर वर्षांची परंपरा असलेल्या शिक्षणसंस्था आहेत, वर्गखोल्यांची वाण नाही. काही क्रेडिट स्वयंमवरून चालतील का, ते हो किंवा नाही असं स्वच्छ लिहा.

सल्लागार समितीपुढचं सादरीकरण वर्षातून एकदा समोरासमोर आणि एकदा पडद्यावर, असा नियम करा. मी मघाशी म्हटलं तसं, पेन्सिलचा तो गोल मला समोर बसूनच हवा आहे. पण त्यासाठी वर्षातून चार-सहा वेळा जाणं वेगळं आणि सहीसाठी वीस वेळा जाणं वेगळं. सह्या, हप्ते, अहवाल हे सगळं ऑनलाइन करा. तुम्ही पीएचडी ऑनलाइन करायला नकार दिलात, पटलं. पण तिचं कारकुनी काम तरी ऑनलाइन करा. आज नेमकं उलटं आहे.

प्रत्येक विद्यापीठानं आपल्या मान्य मार्गदर्शकांची यादी, कुणाकडं किती जागा रिकाम्या आणि निवृत्तीमुळं कोण नवे विद्यार्थी घेऊ शकत नाही, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावं. यात गुपित ते काय?

आणि अमान्य पदव्या विकणाऱ्यांबद्दलच्या सूचना मराठीत काढून प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावा, तक्रार कुठं करायची तो पत्ता खाली लिहा, आणि तक्रारींचं पुढं काय झालं ते वर्षातून एकदा तरी छापा.

माझ्या निर्णयाचं विचाराल तर तो झाला आहे. त्या कंपनीचा नंबर ब्लॉक केला, चार नव्या नंबरांवरून पुन्हा फोन आले, तेही ब्लॉक केले. जुलैत पुन्हा अर्ज करणार आहे, पेन्सिल घेऊन बसणाऱ्या मॅडमकडंच. यात्रेला तात्या येणार आहेत, नातीला घेऊन. ती कविता मला समोर बसून ऐकायची आहे. तमिळ येत नाही, पण तात्या अर्थ सांगतो म्हणालेत. वही सातवी आणून ठेवलीय.

जुलैच्या आत तुमच्याकडून काही कळलं तर भाऊसाहेबांपुढं तो कागद ठेवीन. उत्तर पोस्टानं आलं तरी चालेल, ऑनलाइनचा माझा आग्रह नाही.

कळावे,
आपली नम्र,
एक तासिका शिक्षिका
ता. खानापूर, जि. सांगली